हे पोस्टर कुणाचं?

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर साठच्या दशकातल्या एका तमाशापटाचं पोस्टर लावलेलं आहे. चित्रपटाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर सदाशिव पेठेतल्या एका घरातली मंडळी हा लेख कुणावर आहे ते लगेच ओळखतील, आणि त्या घरचा चहा मी पुष्कळ प्यायलो आहे.

पोस्टर मी पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलं. मधोमध नऊवारी नेसलेली नायिका, कमरेवर हात. तिच्या मागे पेटलेलं गाव किंवा मावळता सूर्य. दोन्ही एकाच केशरी रंगात उरकल्यामुळे नक्की सांगता येत नाही. उजव्या अंगाला फेटेवाला पाटील, त्याच्या मिशीला स्वतंत्र प्रकाशयोजना. डावीकडे बोडक्या डोक्याचा सावकार. नावांची तर जत्राच. निर्मात्याचं नाव नायिकेच्या नावापेक्षा मोठं, दिग्दर्शकाचं त्याखालोखाल, मग संगीत, गीतं, कथा-संवाद, वितरक. फक्त चित्र काढणाऱ्याचा पत्ता नाही.

"हे चित्र कुणाचं हो?" मी विक्रेत्याला विचारलं.

"पैसे दिले की तुमचंच," तो म्हणाला.

तेव्हाच पैसे देऊन मुकाट घरी यायला हवं होतं. पण माझी उभी हयात बँकेत गेली. चेकवरची सही कार्डावरच्या सहीशी ताडून पाहायची आणि 'र'ची शेपटी जरा वेगळी दिसली की भल्याभल्या खातेदाराला परत पाठवायचं, या एकाच कामात मी नाव मिळवलं (आणि शिव्याही). असा माणूस निवृत्त झाला तरी बिनसहीचा कागद त्याला झोपू देत नाही. ३० बाय ४० इंचांचा एवढा थोरला दस्तऐवज आणि त्यावर करणाऱ्याची सही नाही? हा मी पास करणार नव्हतो.

आधी त्याला फ्रेम केली. फ्रेमवाल्यानं दोन भाव सांगितले. एक मापाची फ्रेम नव्यानं बनवण्याचा आणि दुसरा त्याच्याकडे पडून असलेल्या, कुणीतरी ऑर्डर देऊन न नेलेल्या दत्ताच्या तसबिरीच्या फ्रेमचा. दुसरा भाव निम्मा होता. फ्रेम उंचीला थोडी कमी पडत होती. "बसवतो, साहेब," तो म्हणाला, आणि त्यानं बसवलं. मग मी संशोधनाला लागलो.

मराठी पोस्टरचं मूळ शोधायला निघालं की गाडी कोल्हापूरला जाऊन थांबते. तिथे बाबूराव पेंटर. मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता पेंटर हेच आडनाव होऊन बसलं. त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' आणला, आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही आपणच रंगवली. त्यांच्या 'कल्याण खजिना'चं (१९२४) पोस्टर हे आपल्या देशातलं टिकून राहिलेलं सर्वांत जुनं चित्रपट-पोस्टर मानलं जातं. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे 'प्रभात'चे भागीदार झाले. म्हणजे आपल्याकडे सुरुवातीला ब्रश आणि चेकबुक एकाच खिशात होतं. पुढे स्टुडिओ मोडले, धंदा वितरकांकडे गेला, ब्रश एकाकडे आणि चेकबुक दुसऱ्याकडे झालं. सही कुठे करायची आणि कुठे नाही, हे कोण ठरवतं ते बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

ज्यांची नावं मागे राहिली ती माणसं दांडगी. कोल्हापूरचेच जी. कांबळे 'राजकमल'साठी रंगवायचे, के. आसिफ यांनी 'मुगल-ए-आझम'च्या (१९६०) पोस्टरांसाठी त्यांना बोलावलं. सरकारी कचेरीत शिवाजी महाराजांचं जे मान्यताप्राप्त चित्र लागतं तेही त्यांचंच. त्या चित्राखालच्या बाकावर मी कितीतरी दाखल्यांसाठी ताटकळलो आहे, पण चित्रकाराचं नाव मला पोस्टरच्या नादाला लागल्यावर कळलं. गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित मुंबईला येऊन 'मेट्रो'त लागणाऱ्या हॉलिवूडपटांची चित्रं करत. 'बरसात'चं (१९४९) पोस्टर त्यांचं. 'दीवार'चं (१९७५) दिवाकर करकरे यांचं. चित्रकार एम. एफ. हुसेनही आधी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरत होते.

आता माझं पोस्टर यांच्यापैकीच एखाद्याचं नसेल कशावरून? या प्रश्नानं माझा घात केला. शहाण्या माणसानं 'असेल कशावरून' असं विचारलं असतं.

पहिली पायरी भिंगाची. पोस्टर मूळचं की नंतर छापलेलं, हे भिंगातून कळतं. ऑफसेटच्या छपाईत रंगाचे ठिपके शिस्तीत, ओळीनं बसलेले दिसतात. लिथोत तसं नसतं. तिथे कारागीर तेलकट खडूनं किंवा शाईनं दगडावर नाहीतर जस्ताच्या पत्र्यावर हातानं चित्र उतरवायचा, एकेका रंगाला वेगळा पत्रा, त्यामुळे कण विस्कटलेले येतात. माझ्या नायिकेच्या गालावर कण विस्कटलेले निघाले. मी हर्षानं ओरडलो. "गालावर काय सापडलं एवढं?" असं आतून विचारण्यात आलं. मी म्हणालो, "लिथो." आतून त्यावर काही उत्तर आलं नाही, पण त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

दुसरी पायरी कानांची. एकोणिसाव्या शतकात इटलीत मोरेली नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. शिकले वैद्यक आणि नाद चित्रांचा. त्यांचं म्हणणं असं की चित्रकार ओळखायचा तर चेहरा आणि हावभाव पाहू नका. ते नक्कल करणारासुद्धा मन लावून काढतो. कान पाहा, नखं पाहा. तिथे कुणाचं लक्ष नसतं, हात आपल्या सवयीनं चालतो. मला हे वाचताक्षणीच पटलं. खोटी सही करणाराही पहिलं अक्षर घोटून काढतो आणि शेवटच्या शेपटीत सापडतो. उभा जन्म मी मोरेलीचंच काम करत होतो, फक्त भत्ता वेगळा होता.

अडचण एवढीच, की तमाशापटात कान दिसत नाहीत. पुरुषांचे फेट्याखाली, बायकांचे बुगड्या, झुमके आणि वेलांखाली. अख्ख्या पोस्टरवर एकटा सावकार उघड्या कानाचा. तो कान मी वहीत उतरवून घेतला. मग मिळेल त्या जुन्या पोस्टरवरचे, पुस्तकांतल्या छापांवरचे कान उतरवत सुटलो. वही भरली. सवय इतकी लागली की माणसांकडे पाहतानाही नजर कानावर जायची. एका लग्नात मी पंगतीत समोर बसलेल्या विहीणबाईंच्या पाळ्यांचा उतार न्याहाळत होतो. बाईंनी आधी दोन्ही कुड्या चाचपल्या, मग पदर कानावरून घेतला, आणि शेवटी यजमानांना सांगून पान दुसऱ्या रांगेत हलवून घेतलं.

कानांची वही घेऊन मी कोल्हापूरला एका म्हाताऱ्या पेंटरकडे गेलो. तरुणपणी ते एका पब्लिसिटी स्टुडिओत होते. त्यांनी वही पानापानानं पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली.

"ह्ये काय हाय?"

"कान."

"त्ये दिसतंय वो. पर कशापायी?"

मी मोरेली समजावून सांगितला. अर्धा तास सांगितला. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "कान आमी पोरास्नी द्यायचो."

"म्हणजे?"

"नवं पोरगं आलं की आदी ढग. ढग जमलं की कान, मग हात-पाय. तोंडाला हात लावाय लई वर्सं जायाची. तोंड मालक करणार, न्हायतर मोठा गडी. फेटे-लुगडी दुसरा. अक्षरं अक्षरवाला."

"मग हा सावकाराचा कान कुणाचा?"

"त्या दिशी जे पोरगं कामावर आलं आसंल त्येचा. आन् आकार म्हणाल तर त्यो नटाचाच की. फोटोवर चौकटी मारून घेतल्याला. आमी काय कान मनानं काढतुय व्हय?"

मोरेली तिथे, कोल्हापुरात, एका पत्र्याच्या शेडखाली वारला. पुढचं त्यांनी सहज सांगितलं, पण माझ्या सगळ्या वाचनापेक्षा त्यात जास्त होतं. स्टुडिओत चित्र तयार झालं की ते छापखान्यात जायचं. तिथला लिथोवाला ते पुन्हा पत्र्यावर उतरवणार. म्हणजे कागदावर जी रेष आपण पाहतो ती बऱ्याचदा चित्रकाराचीही नव्हे, तिची नक्कल करणाऱ्याची. फोटोवरच रंग चढवायची पद्धत आल्यावर तर रेष छायाचित्रकाराची आणि रंग दुसऱ्याचा. होर्डिंगवाल्यांचं दुःख आणखी वेगळं. नवा सिनेमा आला की जुन्या कापडावर पांढरा मारायचा आणि त्यावरच नवीन रंगवायचं. मुंबईत आल्फ्रेड टॉकीजसाठी रंगवणारे शेख रहमान हे त्या पिढीतल्या शेवटच्यांपैकी. त्यांच्यावर माहितीपट निघाला म्हणून त्यांचं नाव तरी कळलं.

"आणि सही?"

"सही मालकाची. न्हायतर स्टुडिओची. कामगारानं सही केली तर दुसऱ्या दिशी त्यानं येऊच नये."

शहाणा माणूस इथे थांबला असता. चार-पाच हातांचं काम आहे, एक नाव शोधण्यात अर्थ नाही, हे उमगून एस.टी.नं परत आला असता. मी एस.टी.नं परत आलो, एवढंच.

लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अर्काइव्ह आहे, १९६४ सालापासूनचं. जुने चित्रपट तर आहेतच, शिवाय पोस्टरं, छायाचित्रं, आणि थिएटरबाहेर काही आण्यांना विकायची ती गाण्यांची पुस्तकं. तिथे मला माझ्या तमाशापटाचं गाण्यांचं पुस्तक पाहायला मिळालं. मुखपृष्ठावर तेच पोस्टर, एका रंगात. पहिल्या पानावर गोष्ट अर्धी सांगून उरलेली पडद्यावर पाहायचं आमंत्रण. आणि मागच्या पानावर, अगदी खाली, बारीक टाइपात: 'प्रसिद्धी', आणि पुढे एक नाव. नाव आणि आडनाव, दोन्ही!

माझा हात थरथरला. प्रसिद्धी म्हणजे पब्लिसिटी, पब्लिसिटी म्हणजे पोस्टर, पोस्टर म्हणजे चित्र, चित्र म्हणजे चित्रकार. या साखळीतला एकही दुवा मी ओढून पाहिला नाही. बँकेत अशा साखळीवर मी शिपायालासुद्धा उचल दिली नसती.

आडनाव दुर्मीळ होतं. चौकशी करत सदाशिव पेठेतलं घर सापडलं. ते गृहस्थ जाऊन बरीच वर्षं झाली होती. नातू घरी होता, आणि आतल्या खोलीत शेंगा सोलत बसलेली नव्वदीच्या घरातली आजी. मी नातवाला पोस्टरचा फोटो दाखवला आणि बोलायला लागलो. आजोबांची रेष, आजोबांचा केशरी, मिशीवर प्रकाश टाकण्याची आजोबांची खास लकब. नातवाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं.

"कुणाबद्दल बोलताहेत रे?" आजींनी विचारलं.

"आजोबांबद्दल. ते चित्रकार होते, आजी!"

"ह्यांच्याबद्दल?" आजींनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "अहो, संक्रांतीला सुगडांना हळदीकुंकवाची बोटं ओढा म्हटलं तर तीसुद्धा वाकडी यायची ह्यांची."

"आजी, तुला काय माहीत? ऑफिसात काढत असतील."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. "मोठी माणसं घरात कळू देत नाहीत."

"अहो, ते सायकलीवरून वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जाहिराती पोचवायचे. सिनेमाची बातमी छापून आणायचे. ते काम होतं त्यांचं."

हे मी वहीत लिहून घेतलं. 'जाहिराती स्वतः पोचवत: कमालीचा साधेपणा.' हयात असलेला एकमेव साक्षीदार समोर बसून शेंगा सोलता सोलता खरं सांगत होता, आणि मी साक्ष नोंदवून घेऊन निकाल उलटा दिला.

पुढचं सगळं भराभर झालं. मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला. शीर्षकात 'उपेक्षित' हा शब्द होता. संपादक खूश झाले. नातवानं तो लेख सगळ्या ग्रुपांवर टाकला. काही महिन्यांनी एका तरुण अभ्यासकाचा लेख वाचनात आला, त्यात त्या गृहस्थांची गणना मराठी पोस्टरकलेच्या बिनीच्या शिलेदारांत केलेली. मला वाटलं, चला, दुसरा पुरावा मिळाला. लेखाच्या तळाशी आधार दिला होता: माझाच लेख. मी जुन्या बाजारात गेलो तेव्हा तोच विक्रेता तसलंच एक पोस्टर एका गिऱ्हाइकाला दाखवत होता. चित्रकार म्हणून त्यानं आमच्या आजोबांचं नाव सांगितलं, आणि भाव तिप्पट. गिऱ्हाइकाला शंका आली तेव्हा त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं, "ह्या साहेबांना विचारा, ह्यातले दर्दी आहेत." मी मान डोलावली.

सत्य बाहेर आलं ते दिवाळीआधीच्या रंगकामात. रंगाऱ्यानं फ्रेम खाली उतरवली, ती दारात धडकली आणि काच खडखडायला लागली. खालच्या खाचेतून कागदाची एक घट्ट घडी गळून पडली. फ्रेमवाल्यानं पोस्टर दत्ताच्या मापात 'बसवलं' होतं ते असं: खालची पांढरी पट्टी कापली, आणि काच हलू नये म्हणून तिचीच घडी करून खाचेत ठासली. अपव्यय काहीही नाही. निम्म्या भावात आणखी काय हवं?

घडी उलगडली. उजव्या टोकाला छापखान्याचं नाव, पत्ता, 'मुंबई ४', सगळं स्वच्छ शाबूत. ते तसं असणारच. १८६७ च्या कायद्यानं छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं सक्तीचं केलं होतं. कागद कुणी छापला हे इंग्रज सरकारला कळायला हवं होतं; चित्र कुणी काढलं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं, आणि स्वातंत्र्यानंतरही कुणाला त्याची पडली नाही. डाव्या टोकाला मात्र ब्रशनं केलेली एक सही होती. सही! खरीखुरी, देवनागरी, शेवटी एक झोकदार शेपटी असलेली. तिचा सुरुवातीचा भाग कसरीनं खाल्ला होता. वाचता येत होतं ते एवढंच: '…कर'.

वाचकहो, अर्धं कोकण आणि पाऊण गोवा या दोन अक्षरांत मावतो. कॅलेंडरांचे राजे रघुवीर मुळगावकर त्यात येतात, राज कपूरकडचे कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर येतात, आणि ज्यांची नावं कुणी कधी छापली नाहीत असे अनेक पेंटर येतात. मी भिंग उचललं. शेपटीचा झोक मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटायला लागला होता. "नाव घेऊ नका," आतून आवाज आला. "कुणाचंही नाव घेऊ नका." मी भिंग खाली ठेवलं. सहीत आमच्या आजोबांचं आडनाव कसंही करून बसत नव्हतं, कारण ते 'कर'नं संपतच नाही.

मी पट्टी घेऊन धावत सदाशिव पेठेत गेलो. चौकातच फ्लेक्स दिसला. 'थोर पोस्टरकार' अशी अक्षरं, खाली आजोबांचा फोटो. मूळ फोटोत ते सायकलीला टेकून उभे होते. फ्लेक्सवाल्यानं सायकल पुसून हातात पॅलेट दिलं होतं. ज्या फ्लेक्सनं रंगवलेली होर्डिंगं संपवली त्याच फ्लेक्सवर हा सत्कार होता, आणि त्याही चित्राखाली करणाऱ्याचं नाव नव्हतं. छापणाऱ्याचा मोबाइल नंबर कोपऱ्यात होता.

नातवाला मी पट्टी दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला. "काका," तो म्हणाला, "हॉल बुक झालाय."

आजींना सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. सत्कार झाला. आजींना शाल आणि श्रीफळ मिळालं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. भाषणं चालू असताना त्या माझ्या कानाशी वाकल्या: "आता उठून काही बोलू नका हं. शाल चांगली आहे."

मी संपादकांना खुलासा पाठवला आहे. तो पुढच्या दिवाळी अंकात येईल, जागा उरली तर. तरुण अभ्यासकालाही कळवलं; त्यानं नम्रपणे उलट विचारलं की माझ्या मूळ लेखाहून अधिक विश्वसनीय आधार माझ्याकडे काय आहे. पोस्टरला आता मापाची फ्रेम केली आहे, पूर्ण भावानं, आणि पट्टी तिच्या जागी खाली लावली आहे. कुणी विचारलंच तर चित्रकार माहीत नाही, असं सांगतो.

तेव्हा विनंती एवढीच. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, एखाद्या बंद पडलेल्या टॉकीजच्या खोलीत जुनं पोस्टर असेल, तर फ्रेमवाल्याला त्याची खालची पट्टी कापू देऊ नका. तुमच्या घरातल्या कुणी ढग, कान, फेटे किंवा अक्षरं रंगवली असतील, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, ती सांगतील ते जसंच्या तसं ऐका, आणि नाव पोस्टरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. पेन्सिलीनं लिहा; बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उतरते.